दोन दिवसांचं हृदय

विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत मी मासे सांभाळतो. बोटाच्या दोन पेरांएवढे, निळ्या पट्ट्यांचे. सकाळी दिवे लागले की ते अंडी घालतात. ती गाळून मी संशोधकांना देतो. पुढे त्यांचं काय होतं, ते बारा वर्षांत कधी पाहिलं नव्हतं.

आज पीएचडी करणारी मीरा म्हणाली, "काका, जरा मायक्रोस्कोपमधून बघा. परवा तुम्हीच दिलेलं अंडं आहे."

पाण्याइतका पारदर्शक जीव होता, आणि त्याच्या आत काहीतरी एका लयीत हलत होतं.

"हे काय गं?"

"हृदय. दोन दिवसांचं."

मी बघतच राहिलो. भोवतालचा पंपांचा आवाज कुठेतरी लांब गेला. रोज माझ्या ओंजळीतून केवढ्या सुरुवाती जात होत्या. आमची मुलगी पोटात असताना बायको सोनोग्राफीला एकटीच गेली होती, मला सुट्टी नव्हती. घरी येऊन ती भरभरून सांगत होती आणि मी जेवता जेवता नुसती मान हलवली होती.

संध्याकाळी घरी बायकोला म्हटलं, "तेव्हा सोनोग्राफीच्या पडद्यावर काय दिसलं होतं, पुन्हा सांगशील?"

ती गॅस बंद करून माझ्याशेजारी येऊन बसली.