झडप नसलेला व्हॉल्व्ह

फरीदाबादच्या एका कापड रंगवणाऱ्या कारखान्यात मी सेफ्टी बघायचे. तिथे पिण्याचं आणि रंगाच्या टाक्यांचं पाणी एकाच मोठ्या पाइपातून यायचं. टाक्यांकडे जाणाऱ्या फाट्यावर एक चेक व्हॉल्व्ह होता. त्याच्या आत झडप असते. पाणी पुढे जाताना ती उघडते, मागे फिरलं की मिटते. एवढंच तिचं काम. दर महिन्याला मी त्या व्हॉल्व्हसमोर उभी राहून तक्त्यात बरोबरची खूण करायचे आणि सही ठोकायचे.

मे महिन्यात एका दुपारी लाइट गेली, पंप बंद पडला. लाइट आल्यावर कँटीनच्या नळाला गुलाबी पाणी आलं. धागे कापणाऱ्या बायका जेवायला बसल्या होत्या. स्टीलच्या पेल्यात रंग कुठला दिसायला? दोघी पिऊन मोकळ्याही झाल्या होत्या. त्यांना दवाखान्यात पाठवलं, नळ बंद केला आणि व्हॉल्व्ह उघडायला लावला. आत झडपच नव्हती. पाइपातला दाब जाताच टाकीतलं घाणेरडं पाणी बिनदिक्कत मागे आलं होतं.

फिटरने शांतपणे सांगितलं की झडप अडकायची, टाक्या भरायला वेळ लागायचा, प्रॉडक्शनवाले डोकं खायचे, म्हणून दिवाळीच्या आधीच काढून टाकली. "बॉडी तो लगी है ना, मैडम. चेकिंग में वही दिखती है."

मला शिसारी आली. त्याच्या कोडगेपणाची आलीच, पण तक्त्यावरच्या माझ्या टापटीप सह्यांची जास्त आली. मॅनेजरसाहेबांनी आधी काय विचारावं? तर कापडाचा लॉट बिघडला का. मग म्हणाले, रिपोर्टमध्ये पाइपचा गंज लिहा. गंज गुलाबी कधीपासून झाला, असं विचारून मी खरं तेच लिहिलं. त्यात शौर्य कसलं, सगळं उशिराच होतं.

संध्याकाळी दोघी बऱ्या असल्याचा फोन आला. ते सांगायला मी कँटीनमध्ये गेले, तर धागे कापणाऱ्यांतली सगळ्यांत जुनी बाई म्हणाली की पाण्याला कित्येक महिन्यांपासून साबणासारखी चव येत होती. मी वैतागून विचारलं, मग सांगितलं का नाही?

"हमने सोचा, आप लोग भी तो यही पीते हो."

आम्ही ऑफिसवाले पहिल्या दिवसापासून जारचं पाणी पीत होतो.