खाऱ्या पाण्याच्या घरची सोयरीक

माणिकबाई विकायच्या भाजीवर गोडं पाणी शिंपडते आणि स्वतः खारं पिते. बदलीमुळे आम्ही बाळापूरकडच्या या गावात राहायला आलो, तेव्हा शेजारणीची ही रीत पाहून मी तिला कारण विचारलं होतं.

"खाऱ्या पान्यानं मेथीवर पांढरे डाग पडतात, वयनी. गिऱ्हाईक बोट लावून पाह्यते अन् पुढं जाते. माह्या पोटातले डाग कोन पाह्यते?"

हा सगळा खारपाणपट्टा. बोअरच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, तोट्यांवर पांढरा थर चढतो, तुरीची डाळ कितीही शिजवा, दाणा न् दाणा वेगळा राहतो. चहात दूध घातलं की फाटतं. धरणाचं गोडं पाणी नळाला आठवड्यातून कधीतरी येतं. मी आल्या आल्या खार काढणारा फिल्टर बसवला, आणि त्याचंही पाणी उकळते. माझ्या लेकीच्या, प्राजक्ताच्या कमरेत जरा चमक आली तरी मला आधी मुतखडा आठवतो. माणिकबाई हसते. "तुमी पान्याले इतकं भेता, एखांद्या दिवशी पानीच तुमाले भेऊन पळन."

तिचे यजमान शालिकरामभाऊ भाजीची हातगाडी ढकलतात. भाव बोलायचं काम तिचं. आवाज असा, की वांगी घेणाऱ्या बाईला पलीकडच्या गल्लीत कोबीचा भाव कळावा. मुलगा विपुल विहिरी-बोअरवरच्या जळालेल्या मोटारी नवी तार गुंडाळून भरून देतो. शांत, कामाचा मुलगा. पण दोन-तीन ठिकाणांहून एकच उत्तर आलं होतं: मुलगा चांगला, पाणी वाईट. खाऱ्या गावात मुलगी द्यायला कुणी तयार नव्हतं, आणि या एका गोष्टीपुढे माणिकबाईची जीभ चालत नव्हती.

मग अंजनगाव सुर्जीकडचं स्थळ आलं. नत्थुजी आणि सुभद्राबाई, केळीची बाग असलेली माणसं, तिकडे विहिरींना गोडं पाणी. मुलगी पौर्णिमा. तिघंही घर पाहायला येणार होते.

आदल्या दिवशी माणिकबाई रिकामे हंडे घेऊन माझ्या दारात. "वयनी, तुमच्या मशीनचं पानी द्या. उद्या या घरात खाऱ्या पान्याचा थेंब नाई दिसू देत मी."

मी हंडे भरून दिले, पण मन काही थाऱ्यावर राहिना. उद्या मी प्राजक्तासाठी घर पाहायला जाईन आणि समोरचे असंच करतील, तर?

माणिकबाईने चिंच घासून पेल्यांवरचे पांढरे डाग काढले. बोअरच्या नळावर पोतं टाकलं. दुसऱ्या दिवशी सगळा स्वयंपाक माझ्या फिल्टरच्या पाण्यात झाला. वरण लोण्यासारखं शिजलं होतं. पंगत बसली, मी वाढायला होते. नत्थुजींनी पहिला घास घेतला आणि थांबले. बायकोकडे पाहिलं. तीही थांबलेली. पाहुणे म्हणून दोघंही गप्प जेवू लागले.

शालिकरामभाऊंना तेवढा धीर कुठला! "काहून वं, मीठ सरलं का घरातलं? वरण तं पुरं अळणी हाये!"

माणिकबाईने असं पाहिलं की त्यांनी मान खाली घातली. मी भातावर जरासं वरण घेऊन चाखलं. खरंच अळणी. इथल्या बायकांचा हातच तसा बसलेला. पाण्यातच खारटपणा, म्हणून मीठ बेताचं. माणिकबाईने गोड्या पाण्यातही सवयीने तेवढंच घातलं होतं.

सुभद्राबाईंनी हात ताटातच थांबवला. "माणिकबाई, एक इचारू? राग नका मानू. ज्या घरची भाजी एवढी चवदार, तिथं वरण अळणी होत नाई. हे पानी तुमचं रोजचं नाई ना?"

भाजी तेलावरच परतलेली होती, तिला पाणी लागलंच नव्हतं, म्हणून तिचं मीठ बरोबर पडलं होतं. मी मनातून सुभद्राबाईंच्या बाजूला गेले. मीही हेच विचारलं असतं.

आता ही काहीतरी ठोकून देईल, असं मला वाटलं. पण माणिकबाई उठली, नळावरचं पोतं ओढून फेकलं, पेला भरला आणि सुभद्राबाईंसमोर ठेवला.

"हे आमचं रोजचं. लपवलं मी. हे पाहून लोकं उठून जातात. पोरगा माहा सोन्यासारखा हाये, पन या पान्यापायी त्याचं जमून नाई राह्यलं."

सुभद्राबाईंनी घोट घेतला. तोंड वाकडं झालं. "माही पोरगी ह्या पान्यात शिजवन अन् हेच पीन?"

तेवढ्यात पौर्णिमाने आईच्या हातून पेला घेतला, चाखला, आणि थेट विपुलकडे वळली. "तुमी मोटारी भरता म्हनतात. मंग छतावरचं पावसाचं पानी टाकीत उतरवाले काय अडचन हाये?"

विपुलचे कान लाल झाले. "अडचन नाई. पाइप आनून ठेवले हायेत. पन टाकीची जागा..."

"जागा काय?"

"तिथं आईचे भाजीचे कॅरेट राह्यतात."

सगळे माणिकबाईकडे पाहू लागले. "मंग?" ती म्हणाली. "टमाटे का उन्हात ठेवू?" म्हणाली खरी, पण नजर कॅरेटांवरून पेल्यावर गेली. नत्थुजींना पहिल्यांदा हसू फुटलं, मग शालिकरामभाऊंना, आणि शेवटी तिला स्वतःलाही. "घ्या रे बाप्पा जागा! टमाटे माह्या खाटंखाली जातीन."

"आधी टाकी, मंग तारीख," सुभद्राबाई म्हणाल्या.

"पक्कं," नत्थुजी म्हणाले. "आता मीठ आना, मले अजून वरण पाह्यजे."

त्या उन्हाळ्यात बापलेकांनी टाकी बांधली. झाकण घट्ट बसतं का, जाळी लावली का, हे मी इतकं विचारलं की विपुल मला पाहून गल्ली बदलू लागला. पावसाळा सरता सरता सुभद्राबाई लेकीला घेऊन आल्या. टाकीत वाकून पाहिलं, पाणी काढलं आणि पौर्णिमाच्या हातात दिलं. "तुले राह्यचं हाये, तूच सांग."

पौर्णिमा सगळं पाणी प्यायली. ओठ पुसले. "काढा तारीख."

माणिकबाईने डोळ्याला पदर लावला, पण क्षणभरच. "लवकरची काढू वं, ईहीनबाई. लग्नसराई लागली का कोबीचा भाव चढते."

"पाह्य बाप्पा," सुभद्राबाई लेकीला म्हणाल्या, "तू अजून घरात नाई आली, अन् तुह्या सासूचा भाव सुरू झाला."