यादीतलं आठवं नाव

ही वही मी कुणाला दाखवणार नाही. तरी कुणाच्या हाती लागलीच, तर ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका आणि वाकडं अक्षर सांभाळून घ्यावं. चौथीनंतर माझी शाळा सुटली. पुढं लिहायचं काम पडलं ते सही करण्यापुरतंच.

मी राजारामपुरीत एका घरी स्वयंपाकाला जाते. घर जैन व्यापाऱ्यांचं. घरात काकू आणि त्यांची सून. दोघींना धरून त्यांच्या भिशीत सात जणी. दिवाळीनंतर त्यांनी ठरवलं, यंदा हॉटेलात जेवायला जायचं नाही, एक दिवस गड चढून यायचं. गड निवडला तो नेमका माझ्या माहेरच्या गावावरचा, गारगोटीच्या पुढचा.

मी पोह्यांच्या बश्या घेऊन बाहेर गेले, तेव्हा सातही जणी जमल्या होत्या आणि सून फोनमध्ये यादी करत होती. "मी पण येऊ का?" हे माझ्या तोंडून कसं निघालं कुणास ठाऊक. चार माणसांत मी बोलत नाही.

सून म्हणाली, "अगं, तू तर पायजेसच की. डबे कोण बघणार? तुझी वर्गणी न्हाई घेत आम्ही."

ती मायेनंच म्हणाली. पण मला तसं जायचं नव्हतं. लहानपणी त्याच वाटेनं मी म्हशी वर न्यायची. लग्न झाल्यापासून वीस वर्षं वर पाऊल टाकलं नव्हतं. आता जायचं, तर माहेरच्या माणसांदेखत दुसऱ्यांचे डबे घेऊन जायचं नव्हतं.

"माझं नाव यादीत लिवा," मी म्हटलं. "वर्गणी देते. डबा ज्येचा त्येनं घ्यायचा."

सुनेनं काकूंकडं बघितलं. मग काकू सुनेला म्हणाल्या, "लिही गं. आठवी बसती की गाडीत." वर्गणी नऊशे होती. तेव्हा माझ्याकडं नव्हती. काकूंनी माझी घातली आणि सावकाश दे म्हणाल्या.

पुढं वेळा ठरल्या. सहाला निघायचं, नऊला पायथ्याला, बाराला वर, तीनला उतरायला लागायचं. काकू दिवस मावळल्यावर काही खात नाहीत, म्हणून साडेपाचच्या आत खाली माझ्या भावाच्या घरी जेवायचं. सगळ्यांना ते पटलं. मी आत येऊन कणीक मळायला लागले, पण मनातून ते जाईना. तीनला निघालं की चारला माणूस घळीत येतो. तिथं दोन्ही बाजूंना कातळ आणि वाट एकाच माणसापुरती. त्याच वेळेला वरच्या पठारावरची गुरं उतरतात. गडाला वाट ती एकच. गुरांची तीच, लाकूडफाटा आणणाऱ्या बायकांची तीच, देवीला जाणाऱ्यांची तीच, आणि आता रविवारी येणाऱ्या पोरापोरींचीही तीच. मोकळ्यावर बाजूला होता येतं, घळीत होता येत नाही.

आत्ताच वर्गणीवरून बोलले होते. परत बोलले तर म्हणतील, फारच शहाणी झाली. तरी पिठाच्या हातानं बाहेर गेले.

"काकू, चारला घळीत जायचं न्हाई."

"का? भूत हाय काय?"

"म्हशी असत्यात."

एक जण हसली. "म्हशी काय घड्याळ बघून येत्यात?"

"धारेची वेळ बघून येत्यात."

यावर काकूच मोठ्यानं हसल्या. "बरोबर हाय तिचं. म्या न्हाई का दिवस बघून जेवत? मग काय करायचं, तू सांग."

मी सांगितलं. जेवण वरच करायचं. गुरांना पुढं जाऊ द्यायचं आणि त्यांच्या मागनं उतरायचं. खाली नुसता चहा, ज्याला चालेल त्याला. सुनेनं वेळा बदलून लिहिल्या.

मार्गशीर्षात गेलो. आठ जणी, आठ डबे. काकूंनी स्वतःचा स्वतः घेतला आणि दर वळणाला बसल्या. वर पाण्याच्या टाक्याजवळ जेवलो आणि उतरून घळीच्या तोंडाशी थांबलो. चारच्या सुमाराला म्हशी आल्या, तीसेक तरी असतील. आम्ही कडेला उभ्या राहिलो. पुढची म्हैस घळीत शिरली तशी बाकीच्या ढकलाढकली करत तिच्या मागं घुसल्या. त्या दिवशी हसलेली बाई माझा दंड धरून उभी होती.

गुरांच्या मागं माझा चुलतभाऊ होता.

"आक्का, तू ह्यांच्यात? कामाला आलीस व्हय?"

"न्हाई. वर्गणी भरून आलोय सगळ्या."

तो बरं म्हणाला आणि उतरला. माझ्या मनाला मात्र ते लागून राहिलं, कारण माझी वर्गणी अजून काकूंच्याच पैशातली होती.

काकू म्हणाल्या, पगारात वळते करू. मी नको म्हटलं. पगार कमी हातात आला, तर मी दिले असं मला वाटलं नसतं. वरच्या मजल्यावर एकीला संध्याकाळच्या भाकऱ्या करून पाहिजे होत्या, ते काम धरलं. तीनशे दिले, मग तीनशे, आणि शेवटचे तीनशे शिवरात्रीच्या आधी.

इतरांची वर्गणी घेताना काकूंनी प्रत्येकीच्या नोटा मोजल्या होत्या. माझ्याही मोजल्या. मग आत बघून सुनेला म्हणाल्या, "आठवीचे नऊशे पुरे झाले गं."