चाळीस शिक्क्यांचे इनास सर

हे लिहायचा मला अधिकार आहे की नाही, ठाऊक नाही. इनास सर माझ्या आजोबांच्या वयाचे आहेत. आमच्या घरातून कॉलेजात पोचलेला मी पहिलाच, आणि माणसाविषयी कसे लिहावे हे मला कुणी शिकवलेले नाही. त्यात सर मला आवडत नाहीत. नावडत्या माणसाविषयी लिहिताना हात वाकडा जाऊ शकतो. तसा गेला असेल तर वाचणाऱ्यांनी क्षमा करावी.

बडोद्यातल्या आमच्या चर्चच्या दारात सर उभे असायचे. डाव्या हातात शाईचा पॅड, उजव्या हातात क्रुसाचा रबरी शिक्का. धर्मशिक्षणाच्या वर्गातल्या प्रत्येक मुलाकडे एक गुलाबी कार्ड असे आणि रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधला प्रार्थनाविधी, संपली की सर त्यावर शिक्का मारत. वर्षात चाळीस शिक्के भरले नाहीत तर त्या वर्षी संस्कार नाही. शुभवर्तमान वाचून झाल्यावर जो आत येई, त्याची मिस्सा सरांच्या लेखी झालेलीच नसे. त्याला ते अडवत नसत, फक्त वाकून म्हणत, "आवो साहेब, आवो. देव कधीचा खोळंबलाय."

मी आठ वर्षांचा असताना हरणीच्या आमच्या घरून चर्चला येताना पप्पांच्या स्कूटरचे चाक बसले. मिस्सा संपल्यावर पप्पांनी माझे कार्ड पुढे केले.

"सर, पंक्चर झालं होतं."

"पंक्चर तुमच्या स्कूटरला झालं. माझ्या शिक्क्याला नाही."

मागे उभे असलेले लोक हसले. पप्पाही हसले. कारखान्यात साहेबांसमोर हसावे लागते, तसे ते हसणे होते. मला तेव्हा ते कळले नाही. नंतर कळले आणि मग विसरता आले नाही.

पप्पा वाघोडियाच्या एका कारखान्यात. एक रविवार सोडून एक रविवार त्यांची रात्रपाळी सकाळी संपे, आणि ते घरी आल्याशिवाय आम्हाला चर्चला नेणारे दुसरे कुणी नव्हते, म्हणून कधी कधी उशीर व्हायचाच. "देवाला शिफ्ट नसते," सर म्हणत. ते स्वतः सुपरवायझर म्हणून निवृत्त झालेले. जन्मभर दुसऱ्यांच्या शिफ्टा लावलेल्या माणसाला कोण काय सांगणार?

सर वसईचे, आम्ही श्रीरामपूरकडचे. त्या सगळ्या गर्दीत घरी मराठी बोलणारी माणसे थोडीच, म्हणून मला वाटायचे की सर आम्हाला जवळचे मानतील. पण गोव्याच्या आणि केरळच्या लोकांशी ते इंग्रजीत मऊ बोलत. मराठी फक्त आमच्यावर डाफरायला काढत. एका मॅनेजरांचा मुलगा टेनिसच्या स्पर्धांसाठी सारखा बाहेरगावी असे. त्याच्या कार्डावर मात्र सर एकदम चार चार शिक्के मारताना मी पाहिले आहे. "तिकडं मिस्सेला जातो तो. चांगल्या घरातला आहे."

एक गोष्ट कबूल करायला हवी. विश्वामित्री नदीला पूर आला त्या रविवारी सर गुडघाभर पाण्यातून चालत आले होते. सहा मुले आली होती, सहाच शिक्के मारले. भित्रा किंवा आळशी माणूस तो नव्हे. तसा असता तर आमचे बरे झाले असते.

माझी बहीण स्नेहा नऊ वर्षांची झाली, त्या वर्षी तिला प्रथम ख्रिस्तशरीराचा संस्कार, म्हणजे वेदीपाशी पवित्र भाकरीचा पहिला घास, मिळायचा होता. आईने पांढरा फ्रॉक शिवला. श्रीरामपूरहून मामा-मामी आले. आदल्या दिवशी सरांनी कार्डे तपासली. स्नेहाचे शिक्के अडतीस. दोन रविवार ती डेंग्यूने दवाखान्यात होती. पप्पा फादरांकडे गेले. फादर म्हणाले, "धर्मशिक्षणाचं इनास सरच बघतात."

म्हणून पप्पा आणि मी सरांच्या घरी गेलो. सरांनी आतला दरवाजा उघडला, जाळीचा उघडला नाही. पप्पांनी डॉक्टरांचा कागद जाळीला लावून धरला.

"हा कागद मेडिक्लेमला लावा," सर म्हणाले.

"सर, पोरगी आजारी होती. पाहुणे आलेत."

"पाहुण्यांसाठी संस्कार असतो का?"

"चूक झाली असंल तर माझी धरा. तिला अडवू नका."

तेव्हा सर जे बोलले ते मी शब्दाला शब्द लिहितो. "आमच्या घरात चारशे वर्षांची श्रद्धा आहे. तुमचे आजोबा दुधाच्या पावडरीच्या रांगेतून ख्रिस्ती झाले. तुम्हाला सगळं फुकट मिळायची सवय लागलीय."

पप्पांनी कागदाची घडी केली, "येतो सर," म्हटले आणि जिना उतरले. दुष्काळात मिशनऱ्यांनी वाटलेल्या दुधाच्या पावडरीसाठी माझे आजोबा खरोखरच रांगेत उभे होते. पण पुढे मरेपर्यंत रोज पहाटे ते गुडघे टेकत, हे जाळीपलीकडे कोण सांगणार? मी सतरा वर्षांचा होतो. मीही बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी स्नेहा तो फ्रॉक घालून बाकावर बसून राहिली आणि बाकीची मुले तिच्यासमोरून वेदीकडे गेली. पुढच्या वर्षी तिला संस्कार मिळाला. पप्पांनी तो पाहिला नाही. ते आम्हाला गेटपाशी सोडतात आणि मिस्सा संपेपर्यंत बाहेरच्या चहाच्या लारीवर, म्हणजे हातगाडीपाशी, बसतात. आई फार बोलली तर म्हणतात, "मी इथंच बरा. आत चारशे वर्षंवाली माणसं हायेत."

गेल्या वर्षी मी विद्यानगरला कॉलेजच्या हॉस्टेलवर आलो आणि बिशपना पत्र लिहिले. डिक्शनरी घेऊन, तीनदा उतरवून, खाली माझे नाव घालून. सरांना काढा असे मी लिहिले नव्हते. एवढेच मागितले होते की कुणीतरी गेटबाहेर यावे आणि माझ्या वडिलांना आत बोलवावे.

उत्तर आले नाही. सरांपर्यंत मात्र पत्र पोचले. दिवाळीच्या सुट्टीत दारात मला पाहून ते मोठ्याने म्हणाले, "या लेखकमहाशय! पत्रलेखनाला किती मार्क मिळाले?"

मी मान खाली घालून आत गेलो.

परवाच्या रविवारी स्नेहाचा फोन आला. "दादा, इनास सरांना बिशपांनी मोठं काम दिलं. आता सगळ्या धर्मप्रांतातल्या धर्मशिक्षकांना तेच शिकवणार. आज त्यांना शाल दिली. खूप वेळ टाळ्या चालल्या होत्या."

मी मग विचारले, "पप्पा कुठं होते?"

"लारीवर. मी बाहेर आल्यावर मला म्हणाले, आज आत काय होतं गं, एवढ्या टाळ्या?"

"मग तू काय सांगितलंस?"

"कुणाचातरी वाढदिवस होता म्हटलं. ते म्हणाले, बरं झालं, चल."