शिंगाची बटणं

नाताळच्या आधीच्या रविवारी सोलापुरातल्या आमच्या चर्चमध्ये मी दानावर तासभर बोललो. उजव्या हाताने दिलेलं डाव्याला कळू नये, ही प्रभूची शिकवण सांगताना माझं मलाच गहिवरून आलं. त्या भरात घरी गेलो, जुना कोट काढला, त्याची शिंगाची बटणं कातरून डबीत टाकली आणि कोट चर्चच्या फाटकाजवळ बसणाऱ्या म्हाताऱ्या धनगराला नेऊन दिला. बटणं चांगली होती. नव्या कोटाला लागली असती.

पाऊस न झाल्यामुळे तो मंगळवेढ्याकडून चार मेंढरं घेऊन आला होता. फाटकाशी बसून चातीवर लोकर कातायचा आणि मी दिसलो की चाती थांबवून छातीला हात लावायचा. मी त्याचं नाव कधी विचारलं नाही. शेजाऱ्यावर प्रीती करावी, या विषयावर मात्र माझी तीन प्रवचनं तयार होती.

त्याने कोट घातला, पुढून लोकरीच्या दोऱ्याने बांधला आणि हसला.

पुढच्या रविवारी त्याने मला फाटकात थांबवलं. त्याच्या तळहातावर एक शिंगाचं बटण होतं.

"मास्तर, ह्ये अस्तरात घावलं. कातरताना तुमच्या हातनं निसटलं आसंल."

"राहू द्या तुम्हाला," मी कसाबसा म्हणालो.

"न्हाय, न्हाय. तुमाला एक कमी पडंल की!"

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

माझ्या उजव्या हातात प्रवचनाची वही होती, म्हणून मी डावा पुढे केला.