पडीक ठेवलेला हात

"पोरुंगो, राव, पोरुंगो!" असं म्हणत तो सायकल भिंतीला टेकवायचा. पोरुंगो म्हणजे थांबा. कुंभकोणमच्या आमच्या मराठी घरांत निम्मं बोलणं असंच तमिळ. मी कुठं निघालेला असायचो? बायको अर्धांगानं खाटेवर, मी खाटेशेजारी. तरी हा आपला थांबाच म्हणायचा.

औषधाच्या दुकानात कामाला होता. हिच्या गोळ्या घरी आणून द्यायचा. खिशात पेपरची कात्रणं घडी करून. लोक त्याला अर्धा डॉक्टर म्हणायचे. असा एक तुमच्याही गल्लीत असेल. मी त्याला पावसुद्धा म्हणत नाही.

मी चार यत्ता शिकलेला, पितळेची भांडी उजळणारा. मोठ्या डॉक्टरानं सांगितलं त्यातलं एवढंच कळलं: मेंदूचा एक तुकडा रक्तावाचून मेला, उजवा हात रोज कामाला लावा. मग मी पल्लांगुळीची फळी काढली. चौदा खळग्यांची. आमच्या बायका त्यांत चिंचोके टाकत दुपारभर खेळतात. ही लुळ्या हातानं एकेक चिंचोका उचलायची. घामाघूम व्हायची, मला शिव्या घालायची. चार महिन्यांत सहाव्या खळग्यापर्यंत पोचली.

अन् हा कात्रण घेऊन आला. नव्वदीची अखेर होती ती.

"परदेशात पेशी वाढवतात, राव. कवटीला भोक पाडून मेंदूत मेल्या जागी सोडतात. वहिनी, भाताची रोपं लावतात ना, तसंच."

ही तिरुनीलक्कुडीच्या शेतकऱ्याची लेक. भाताचं नाव निघालं अन् तिचं वाकडं तोंड हसलं.

"चार दिवस मान टाकतं," ती अडखळत म्हणाली, "मग उभं राहतं."

"अगदी तसंच! आपल्याकडेही येईल. पोरुंगो."

दुसऱ्या दिवशी तिनं फळी ढकलली. "लावणीआधी शेत पडीक ठेवतात. हाताला विसावा द्या."

मला पटलं. फळी माळ्यावर टाकली.

तो दर आठवड्याला यायचा. "आलं का?" ही विचारायची. "येतंय, वहिनी. अजून थोड्याच रोग्यांवर करून बघतायत." कात्रण तेच, घडीवर फाटलेलं. इकडं तिची मूठ मिटत चालली. नखं तळव्यात रुतायची. एकेक बोट सोडवून मी नखं कापायचो, ती किंचाळायची. वर्षभरात दुसरा झटका आला. चितेवर ठेवली तेव्हाही मूठ मिटलेलीच.

तेराव्याला तो आला. खिसा रिकामा. पानावर बसला, भात वाढला, तरी हात घालीना.

"राव," म्हणाला, "मी आशेनं सांगत होतो हो. फळी काढून ठेवा असं कधी म्हटलं नव्हतं."

मी त्याला भरल्या पानावरून उठवलं. आमच्यात कुणी वैऱ्यालाही उठवत नाही. सगळी पंगत बघत राहिली. तो सायकल हातात धरून, न बसताच, गल्लीच्या टोकापर्यंत चालत गेला.

खरंच म्हटलं नव्हतं त्यानं. तेच मला सोसलं नाही.

परवा तोही मेला. मी गेलो नाही. फळी माळ्यावर आहे. शिडी दोनदा लावली, दोनदा काढून ठेवली.