तिघांबरोबर गेलेली चौथी

या सदरातले अनुभव मी कधीमधी वाचतो... जेवताना, करमणूक म्हणून. कुणाला चिंचेखाली बाई दिसते, कुणाला घाटात लिफ्ट मागणारा म्हातारा भेटतो. सुरुवात प्रत्येकाची "माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता" अशी, आणि शेवटी सगळेच गंडादोरा बांधून मोकळे. असल्या लोकांबद्दल माझं मत वाईट आहे आणि हे लिहून झाल्यावरही ते सुधारेल असं वाटत नाही. मी जर्मनीत ऱ्युसेल्सहाइमला राहतो. गाड्यांचे ब्रेक तपासणं हे माझं काम. जे मोजता येत नाही ते नसतं, असं मी आजवर मानत आलो. तरी लिहितोय, कारण ज्यांना विचारण्यासारखं होतं त्या सगळ्यांना विचारून झालंय.

गेल्या हिवाळ्यात आम्ही तिघं — मी, बायको केतकी आणि सहा वर्षांची ईरा — डॉमिनिकन रिपब्लिकला गेलो. इथली थंडी ज्यांनी काढली आहे त्यांना कारण सांगायला नको. आमच्या ओळखीतली सगळी मराठी मंडळी तिकडे मोठ्या रिसॉर्टमध्ये जातात, मनगटावर प्लॅस्टिकचा पट्टा बांधून घेतात, आठवडाभर बुफेच्या रांगेत उभी राहतात आणि "कॅरिबियन केलं" म्हणून सांगत सुटतात. मला तसलं काही नको होतं. मी नकाशावर मुद्दाम एक लहानसं मासेमारीचं गाव शोधलं. एक चर्च, एक धक्का, रंग उडालेली घरं, आणि डोन्या इनेस नावाच्या बाईंचं समुद्रालगतचं गेस्टहाउस.

सासूबाई तेव्हा इचलकरंजीहून आमच्याकडे आल्या होत्या. गुडघ्यांमुळे एवढा लांबचा विमानप्रवास नको म्हणाल्या, म्हणून त्यांना एश्बॉर्नला केतकीच्या भावाकडे ठेवायचं ठरलं. निघायच्या सकाळी बॅगा दारात, विमानतळाची लोकल, म्हणजे एस-बान, गाठायची घाई, आणि या बाई उंबऱ्यात उभ्या.

"अहो, तुम्ही तिघंच निघालात."

"हो आई. तिघंच आहोत आम्ही."

"तिघांनी जाऊ नये. थांबा जरा."

आणि त्या गुडघ्यांनिशी, सपाता घालून, जिना उतरून खाली गेल्या. आमच्या इमारतीच्या मागे कचऱ्याचे डबे ठेवतात, तिथे खडी पसरलेली आहे. त्यातला एक राखाडी खडा त्यांनी उचलला, पदराने पुसला आणि आणून केतकीच्या पर्समध्ये टाकला. तिघं निघाले की खडा चौथा, हे तुम्हाला माहीत असेलच. मलाही लहानपणापासून माहीत आहे आणि लहानपणापासूनच ते माझ्या डोक्यात जातं. कचऱ्याच्या डब्याजवळचा दगड आमचं रक्षण करणार... मी केतकीकडे पाहिलं. ती म्हणाली, "राहू दे ना मंदार, कुठे तुला उचलायचाय." ईराने मात्र आजीला सगळं नीट विचारून घेतलं. तिला मराठी समजतं, बोलते जर्मन.

विमानतळाबाहेर टॅक्सी ठरलेली होती. आम्ही बसलो, तरी ड्रायव्हर मागचं दार धरून उभाच. मी म्हटलं चला, तर तो दाराबाहेर मान वळवून कुणाची तरी वाट बघतोय. मग अर्ध्या मिनिटाने समाधान झाल्यासारखं त्याने दार लावलं. आळशी माणूस, असं मी तेव्हा मनात म्हटलं.

इनेसबाईंनी ओट्यावर जेवण मांडलं होतं. तळलेला मासा, भात, घेवडा. ताटं चार. मी हसून तीन बोटं दाखवली. बाई पूर्वी एका रिसॉर्टमध्ये कामाला होत्या, त्यामुळे मोडकंतोडकं जर्मन बोलायच्या. त्या म्हणाल्या, "आणि सेन्योरा? नंतर जेवणार?" मी म्हटलं, सेन्योरा ही काय इथेच बसली आहे. त्या केतकीकडे बघून हसल्या आणि चौथं ताट झाकून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी धक्क्यावरच्या हॉटेलात तेच. पोऱ्याने शेजारच्या टेबलाची खुर्ची ओढून आमच्याकडे लावली. मला वाटलं, या गावाने पर्यटकांची गंमत करायची ठरवलेली दिसते. गोऱ्यांना वूडू, आम्हाला रिकामी खुर्ची. रिकामटेकड्या गावात आणखी करणार काय लोक. केतकीने ती खुर्ची तशीच राहू दिली, आणि ते मला जास्त खुपलं.

ईरा रस्त्याने चालताना सारखी मागे राहायची. मी ओरडलो की म्हणायची, "दी ओमा कान निश्ट सो श्नेल." म्हणजे आजीला इतकं भरभर चालता येत नाही. कोणती आजी? तर आपल्याबरोबर आलेली. मी विचारलं, दिसते कशी. ईराने फार कंटाळून सांगितलं, जणू मी आंधळा आहे: पांढरे केस, जाड राखाडी कोट, बटणं गळ्यापर्यंत लावलेली. तिला खूप उकडतंय, पण ती कोट काढतच नाही.

लहान मुलांना काहीही दिसतं. खड्याची गोष्ट ऐकली, डोक्यात बसली, त्यातून एक आजी तयार झाली... इतकं सरळ होतं ते. त्याच दुपारी इनेसबाई लिंबाचं सरबत घेऊन आल्या आणि केतकीला हळूच म्हणाल्या, "तुम्ही तरी सांगा ना त्यांना. मी म्हटलं कोट काढा, इथे हिवाळा नाही, तर नुसत्या 'दांके, दांके' करतात." दांके म्हणजे जर्मनमध्ये धन्यवाद. ईरा तेव्हा वाळूत खेळत होती. या बाईंशी ती तोवर एक शब्द बोलली नव्हती. बोलली असेल, असं मी केतकीला ठासून सांगितलं. केतकीने एवढंच विचारलं, "कधी?"

मग माझी सटकली. माझी मुलगी डोळ्यांसमोर अंधश्रद्धाळू होत होती, बायको तोंड मिटून तिला साथ देत होती, आणि हे सगळं कशामुळे, तर इचलकरंजीहून आलेल्या एका खुळामुळे. मी पर्स उघडली, खडा काढला, दोघींना घेऊन धक्क्याच्या टोकाला गेलो. लख्ख ऊन होतं. मी ईराला समजावून सांगितलं, जर्मनमध्ये, म्हणजे नीट कळावं: हा दगड आहे, आपल्या कचऱ्याच्या डब्याजवळचा. याच्यात कुणी नाही. बघ. आणि भिरकावून दिला समुद्रात. बराच लांब गेला. ईरा रडली नाही. पाण्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "पण तिला पोहता येतं का?"

जेवण करून मी झोपाळ्यावर आडवा झालो. केतकी अंघोळीला गेली होती. ईरा ओट्यावर चित्रं काढत बसली होती. माझा डोळा लागला असेल नसेल, उघडला तेव्हा ओट्यावर नुसते रंग पडलेले.

ती पाण्यात होती. अंगावरच्या फ्रॉकसकट, छातीपर्यंत. हाक मारत नव्हती, घाबरलेली नव्हती. एक हात समोर धरलेला, आपण म्हाताऱ्या माणसाला पायरी चढताना हात देतो तसा. त्या किनाऱ्यावर तळ एकदम खोल जातो, हे इनेसबाईंनी आल्या आल्या सांगितलं होतं. मी कसा पळालो मला आठवत नाही. मी पाण्यात शिरलो तोवर तिची हनुवटी बुडाली होती आणि लाट परत फिरत होती. त्या ओढीने माझेच पाय वाळूतून सुटत होते. मी हात लांब केला, तो पुरत नव्हता. पोर गेली, असं मला स्वच्छ वाटलं. इतकी भीती मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

आता पुढचं नीट वाचा, कारण बळ कुठून कुठे लागतं यावर माझी रोजीरोटी चालते. पाणी माझ्यापासून समुद्राकडे चाललं होतं. ईरा पाण्याबरोबर जायला हवी होती. ती माझ्याकडे आली. पोहत नाही, तिला पोहता येत नाही. पाठीमागून कुणी दोन्ही तळहात लावून ढकलावं तशी ती उलट्या पाण्यातून सरळ माझ्या छातीवर आली. आणि ढकलणाऱ्याचा जोर संपावा तसा तो रेटा थांबला.

ओट्यावर टॉवेलात गुंडाळल्यावर ईरा रडायला लागली. "मी तिला बाहेर काढत होते. तिचा कोट भिजून जड झाला. तिला येता येत नव्हतं. मग ती म्हणाली, तू जा." केतकी तिला कुशीत घेऊन बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी एकदाच म्हणालो, की पाण्यात उलटे प्रवाह असतात. असतातही. मी नंतर वाचून काढलं, अगदी तसल्या किनाऱ्यांबद्दल. जो प्रवाह माझे पाय ओढतो तोच हाताभर पुढे उलटा वाहतो, असं कुठेही सापडलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. टॅक्सीत बॅगा चढल्या, आम्ही बसलो, आणि इनेसबाई खिडकीशी आल्या.

"आणि सेन्योरा?"

"कोणी सेन्योरा नाही आमच्याबरोबर," मी म्हणालो.

"त्या धक्क्याजवळ बसल्या आहेत. कपडे ओले आहेत. मी टॉवेल दिला." त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "त्यांना न घेता निघालात?"

मी ड्रायव्हरला चल म्हटलं. पण त्या बाईंची नजर मला चांगली ओळखीची होती. मी स्वतः लोकांकडे त्या नजरेने बघतो. आईला रस्त्यावर सोडून जाणाऱ्या मुलाकडे बघावं तसं त्या माझ्याकडे बघत होत्या.

घरी परतल्यावर सासूबाई एश्बॉर्नहून आल्या. पहिला प्रश्न खड्याचा. नेलेला खडा जिथून उचलला तिथे परत ठेवायचा असतो म्हणे. केतकीने सगळं सांगून टाकलं. मला वाटलं आता शाप, शांत, नारळ, सगळं सुरू होणार. तसं काही झालं नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "अहो, मी कुणालाही हाक मारली नव्हती हो. नुसतं मनात म्हटलं होतं, कुणीतरी जा यांच्यासोबत. कोण बिचारी उठून आली कुणास ठाऊक."

मी इमारतीची देखभाल करणाऱ्या हाउसमाइस्टरला विचारलं. इमारतीत राखाडी कोटातली म्हातारी कोणी होती का? तो म्हणाला, या गावात हिवाळ्यात सगळ्याच म्हाताऱ्या राखाडी कोटात असतात. बरोबर आहे त्याचं. वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांनाही विचारलं. इमारत जुनी, माणसं येऊन गेलेली पुष्कळ, कुणी कुणाला ओळखत नाही. एका डॉक्टर मित्राने 'सामूहिक भ्रम' असा शब्द दिला. मी म्हटलं, इनेसबाईंना ऱ्युसेल्सहाइमचा भ्रम कसा झाला? तो म्हणाला, असो, झोप नीट घेत जा. शिकलेली माणसं अशी उत्तरं देतात, आणि इतकी वर्षं मीही तीच देत होतो.

पंधरवड्याने केतकीला आठवलं की ईराची पाण्यातली चप्पल तिकडेच राहिली. तिने इनेसबाईंना व्हिडिओ कॉल लावला. चप्पल सापडली होती. केतकी म्हणाली, राहू द्या, एवढ्यासाठी पार्सल नको. बाई म्हणाल्या, "पार्सल कशाला? तुमच्या सेन्योरांबरोबर देईन. येणार आहात ना त्यांना न्यायला?" मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "त्रास काही नाही त्यांचा. पण आमची भाषा त्यांना येत नाही, दिवसभर कुणाशी बोलणार? धक्क्यावर गाडी थांबली की उठून उभ्या राहतात."

त्यांनी फोन ओट्याकडे फिरवला. मला दिसलं ते सांगतो: टेबल, रिकामी खुर्ची, मागे समुद्र. बाकी काही नाही. केतकीलाही तेवढंच दिसलं. ईरा आमच्या मधून पुढे घुसली, त्या खुर्चीकडे बघून तिने हात हलवला आणि म्हणाली, "पापा होल्ट डिश." पापा तुला न्यायला येणार आहे.

मी तिला गप्प करायला हवं होतं. केलं नाही. पोरीने माझ्या वतीने शब्द दिला होता, आणि जिला दिला तिने माझी पोर मला परत दिली होती... निदान पाण्याचा हिशोब तरी तसंच सांगतो.

स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. तुमच्याकडे असेल तर कळवा, पण कृपा करून ताईत, अमावास्या असलं काही नको. आणि ज्यांना हसायचंय त्यांनी खुशाल हसा, मीही हसलो असतो. ऑफिसात मी रजेचा अर्ज टाकला आहे. सासूबाईंना विचारलं की समुद्रातला खडा मी शोधू कसा. त्या म्हणाल्या, "खडा कशाला? समोर उभं राहून म्हणा, चला घरी. माणसाला दुसरं काय सांगतात?"

तिकीट काढताना केतकी शेजारी बसली होती. "एकटाच जाणार?" तिने विचारलं.

"जाताना एकटा," मी म्हणालो, आणि परतीच्या विमानात शेजारशेजारच्या दोन जागा घेतल्या.